निंबा पेंटरचा सफेदा

“शिडी धरेल शे का शिडीले टेकेल शे तू?” निंबा पेंटरने वरूनच विचारलं.

“धरेल शे, धरेल शे. तू तुनं काम कर,” खालून लखन पानवाला म्हणाला आणि टेकूनच उभा राहिला.

सुरतच्या लिंबायतमधल्या त्या वस्तीच्या तोंडाशी दोन लोखंडी खांबांवर आठ बाय तीन फुटांचा पत्रा होता. निंबा त्याच्यावरून ओलं फडकं फिरवत होता. ऑगस्ट महिना होता, नव्याण्णव साल होतं आणि पावसाने सकाळपासून उघडीप दिली होती. पत्रा सुकला की सफेदा मारायचा, सफेदा सुकला की नवं नाव. निंबाचा हिशोब सोपा असायचा, आणि स्वतःच्या हिशोबावर त्याचा देवापेक्षा जास्त विश्वास होता.

त्या पत्र्याचं हे चौथं बारसं. वस्ती आधी नुसता खाडीपाडा होती. बहात्तरच्या दुष्काळात खानदेशातून निघालेली माणसं कापडाच्या लूमवर कामाला लागली, खाडीच्या काठावर झोपड्या टाकून राहिली, आणि नाव आपोआप पडलं. पंच्याहत्तर साली पहिला नळ आला. नळाबरोबर तो देणाऱ्या पक्षाच्या पुढाऱ्याचं नाव आलं आणि खाडीपाड्याचं हसमुखलाल नगर झालं. पुढच्या निवडणुकीत हसमुखलाल पडले, तेव्हा ठाकोरभाई नगर झालं. ठाकोरभाई पक्ष सोडून गेले, मग कांतिलाल नगर. हे कांतिलाल कोण ते वस्तीतल्या एकालाही धड सांगता येत नसे, पण रेशनकार्डावर मात्र सगळे त्यांच्याच नावाने गहू उचलत.

तिन्ही नावं निंबानेच लिहिली होती आणि त्यातली दोन त्यानेच पुसली होती. तो पत्रा कधी खरवडत नसे. जुन्या नावावर सफेद्याचे दोन हात मारायचे, की पुढारी गेला. मागचा ‘नगर’ शब्द तो तसाच ठेवी. तो पंच्याहत्तर सालचा, तरण्या वयात लिहिलेला, आणि त्यातल्या ‘ग’च्या काठीवर त्याचा फार जीव. कामचुकारपणा म्हणून कोणी टोमणा मारला तर तो छाती पुढे काढून म्हणे, “नाव येस, नाव जास. नगर तसंच ऱ्हास.”

नावं बदलण्यावर निंबाचा राग नव्हता, उलट त्याची भाकरी त्याच्यावरच भाजत होती. पंच्याण्णव साली बॉम्बेचं सरकारी कागदावर मुंबई झालं, तेव्हा रिंग रोडवरच्या एकूण एक ट्रान्सपोर्टवाल्यांनी इंग्रजी पाट्या बदलून घेतल्या. पुढच्याच वर्षी मद्रासचं चेन्नई झालं आणि कापडाच्या मार्केटातून पुन्हा बोलावणी आली. त्या दोन वर्षांत निंबाच्या घरावर पत्र्याच्या जागी स्लॅब पडला. “आते दिल्लीनं बी कायतरी करा म्हना,” असं तो चहाच्या टपरीवर बसून सरकारला सुचवत असे.

या वेळचं नाव मात्र पुढाऱ्याचं नव्हतं.

जूनमध्ये कारगिलच्या लढाईत वस्तीतला वाल्मिक बोरसे गेला. तेवीस वर्षांचा मुलगा. पेटी आली तेव्हा सगळं लिंबायत रस्त्यावर होतं, लूम बंद होते, आणि ज्यांनी त्याला कधी पाहिलं नव्हतं ते गुजराती दुकानदारही हार घेऊन पावसात उभे राहिले होते. पंधरा ऑगस्टला कांतिलाल नगरचं शहीद वाल्मिक नगर होणार होतं. मंत्री येणार होते. बोर्ड लिहिण्याचं काम अर्थातच निंबाकडे होतं.

नगरसेवक जयंतीभाईंची स्कूटर शिडीजवळ येऊन थांबली. त्यांनी हातातला कागद वर करून दाखवला.

“निंबाभाई, एक काम बाकी छे. घरवाळानी संमती जोईए. वाल्मिकनी माजीनी सही लई आव ने. हुं जाउं तो सारुं ना लागे.”

“उसमें क्या साब,” निंबा उतरता उतरता म्हणाला. “आधे घंटे में सही.”

जयंतीभाई गेले. लखनने शिडी सोडली आणि आवाज खाली आणला. “निंबाभाऊ, सही आनशी तवाच ये. महापालिकावालास्नी खाडीकाठनी दोन दाव मोजनी करेल शे. घरे कवय उठाडतीन त्याना नेम नही. पन जवानना नाववर बुलडोझर कोन चालाडी? सांग बरं?”

हे सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. खाडीकाठची अडीचशे घरं कागदावर अनधिकृत होती. कांतिलालांच्या नावाने ती वाचणार नव्हती. वाल्मिकच्या नावाने कदाचित वाचली असती, आणि त्या अडीचशेत निंबाचा नवा स्लॅबही होता.

सुभद्राबाई बोरसेंचं घर तिसऱ्या गल्लीत. गणपत बोरसे पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये होता, तो दहा वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून ही बाई मार्केटमधून साड्या आणून त्यांच्यावर टिकल्या चिकटवते. निंबा आला तेव्हाही तिच्या मांडीवर जांभळी साडी पसरलेली होती. खोलीच्या भिंतींना फिकट निळा चुना. एका भिंतीवर गणपतचा फोटो होता, त्याच्याशेजारी वर्दीतल्या वाल्मिकचा.

“बठ भाऊ,” ती म्हणाली. “चहा करू का?”

“चहा मंग, अक्का. आधी सही.” निंबाने कागद उलगडला आणि जयंतीभाई सांगणार नाहीत इतकं रंगवून सगळं सांगितलं. मंत्री, बँड, फुलं, दोन भाषांतलं नाव. वर गुजराती, खाली आपली अक्षरं. “लाल रंगमा लिखसू. दूर स्टेशनना पुलवरथीन वाची लेतीन लोके.”

सुभद्राबाईंनी ऐकून घेतलं. हातातली टिकली साडीवर ठेवली, बोटाने दाबली.

“नको भाऊ.”

निंबाला वाटलं तिला नीट कळलं नाही. त्याने पुन्हा सांगितलं. ती पुन्हा नको म्हणाली.

“कसाले नको? इतला मान कोन्या मायले भेटस?”

“मान भेटना ना. पेटीवर झेंडा व्हता. आखं गाव उनं व्हतं.” तिचा आवाज शांत होता. “हसमुखलालनं नाव कोनी लिखं?”

“मी.”

“पुसं कोनी?”

निंबाने कागदाची घडी नीट केली.

“मी नळवर व्हतू तधळ. तू बिडी पेत पेत पुसं. ठाकोरभाईनं बी. उद्या दुसरं सरकार ई, दुसरी लढाई व्हयी. दुसरा कोनी मरी. मंग तू शिडी लावशी आनि मना पोऱ्यावर सफेदा मारशी. माले हाऊ नळवरथीन दिसी, भाऊ.”

“मी नही पुसनार, अक्का. वाल्मिकनी आन.”

“तू नही तं दुसरा. सुरतमा पेंटर काय तू एकलाच शे?”

निंबाने कागद खिशात घातला. तो चहा न घेताच उठला. दाराबाहेर लखनसह चारपाच जण घुटमळत होते. निंबाने त्यांना हात दाखवला. “व्हई जाई. मास्तरले लई येस.”

श्रीरंग मास्तर म्हणजे महापालिकेच्या मराठी शाळेतले निवृत्त भूगोलाचे शिक्षक. मूळचे धुळ्याचे. वस्तीत कोणालाही अर्ज लिहायचा असला, भांडण मिटवायचं असलं किंवा बाळाचं नाव काढायचं असलं की मास्तर. निंबाने त्यांना वाटेत सगळं सांगितलं आणि वर तंबी दिली, “मास्तर, एखादं दमदार उदाहरन द्या. परदेशनं द्या. परदेशनं सांगं की मानूस ऐकस.”

मास्तरांनी चष्मा पुसला. त्यांना उदाहरण सापडलं होतं आणि त्यांचा चेहरा वर्गात जाताना व्हायचा तसा झाला.

सुभद्राबाईंनी डोक्यावर पदर घेतला आणि मास्तरांना गोणपाटावर चादर अंथरून दिली. मास्तर बसले.

“सुभद्राबाई, रशियात एक गाव आहे. व्होल्गा नावाच्या मोठ्या नदीवर. त्या गावाला तिथल्या पुढाऱ्याचं नाव दिलं, स्टालिनग्राड. पुढे दुसरं महायुद्ध झालं. जर्मन सैन्य त्या गावावर आलं. सहा महिने लढाई चालली. घराघरातून, जिन्याजिन्यातून लढले लोक. लाखो पोरं मेली, पण गाव पडू दिलं नाही. तिथून युद्धच फिरलं. तेव्हापासून त्या गावाचं नाव साऱ्या जगात झालं.”

निंबाने मान डोलावली. बाण बरोबर लागला असं त्याला वाटलं. “देखं, अक्का? गावनं नाव म्हंजे साधी गोट नही.”

“आज बी तेच नाव शे का?” सुभद्राबाईंनी विचारलं.

इथे मास्तरांनी “हो” म्हणून वेळ मारून न्यायला हवी होती. निंबाने घसा खाकरून तसं सुचवलंही. पण अडतीस वर्षं भूगोल शिकवलेल्या माणसाला खोटा नकाशा काढता येत नाही.

“नाही,” मास्तर म्हणाले. “तो पुढारी मेला. मागाहून आलेल्यांना तो नकोसा झाला. एकसष्ट साली नाव बदललं. आता व्होल्गोग्राड म्हणतात.”

“आनि लढाईनं?”

“लढाईचं नाव पुस्तकात तेच आहे. गावाचं नाव नकाशात दुसरं आहे.”

सुभद्राबाईंनी साडीवर आणखी एक टिकली दाबली. मग त्यांनी मास्तरांकडे पाहिलं.

“मंग त्या मायसनी काय करं, मास्तर? ज्यास्ना पोरे तठे मरनात त्यास्नी?”

मास्तरांनी चष्मा काढला. “ते मला ठाऊक नाही, बाई. भूगोलाच्या पुस्तकात ते नव्हतं. आणि मीही कधी विचारलं नाही.”

निंबाला मास्तरांचा असा राग आला की बोलायची सोय नाही. दमदार उदाहरण मागितलं आणि यांनी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. दाराबाहेरचे लोक एकमेकांकडे बघत होते. कोणीतरी म्हणालं, “अक्का, आम्हना घरेसना तरी इचार करा.” त्यात जोर नव्हता, अजिजी होती. सुभद्राबाईंनी दाराकडे पाहिलं. ती सगळी माणसं तिच्या ओळखीची होती. त्यांच्यातल्याच चौघांनी गणपतला खांदा दिला होता, आणि वाल्मिकच्या पेटीला हात लावायला हीच माणसं चिखलातून धावली होती.

मग ती उठली. मांडीवरची साडी घडी करून तिने कोपऱ्यात ठेवली.

“निंबाभाऊ, तुना डबा आठे शे का?”

“भाईर शे. का?”

“लई ये. लाल बी आन, सफेदा बी आन. त्या भितडावर मना पोऱ्यानं नाव लिख.”

निंबाला हायसं वाटलं. आईला नमुना बघायचा असेल, त्यात गैर काय? मोठमोठे शेठही नमुना बघितल्याशिवाय बोर्ड देत नाहीत. त्याने डबे आणले, खडूची दोरी भिंतीवर ताणून दोन रेघा मारल्या आणि विचारलं, “काय लिखू? शहीद वाल्मिक नगर, आखं?”

“नुस्तं वाल्मिक.”

निंबा कामाला लागला की बडबड थांबत असे. त्याने ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून पिळला आणि पहिलं अक्षर घेतलं. ‘वा’चं पोट भरलं, काना ओढला. ‘ल’ आणि ‘म’ जोडताना ब्रश बदलला. वेलांटी अशी फिरवली की मास्तरांच्या तोंडून “वा” निघून गेलं. निळ्या भिंतीवर ते नाव हातभर उंच उभं राहिलं. निंबा मागे सरला. आपण आयुष्यात लिहिलेल्या कुठल्याही पाटीपेक्षा हे चांगलं झालंय, हे त्याला ताबडतोब कळलं, आणि तीन पुढाऱ्यांपेक्षा एक शिपाई आपल्या हातात जास्त सुंदर उतरला याचा त्याला गर्वही झाला.

सुभद्राबाई भिंतीजवळ गेल्या. त्यांना वाचता येत होतं, पण हळूहळू. एकेका अक्षरावर थांबत त्यांनी ते नाव वाचलं.

“इतलं मोठं नाव मी कधीच देखं नही त्यानं,” त्या म्हणाल्या. “शाळाना कागदवर बी बारीक व्हतं.”

त्या भिंतीपासून बाजूला सरल्या.

“आते पुस.”

निंबा हसला. मग त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हसू आवरलं.

“अक्का...”

“पुस. कसं पुसतस ते माले देखनं शे. नळवरथीन नही, आठेथीन.”

“रंग ओला शे. ओल्यावर सफेदा बठत नही, गुलाबी व्हई जास.”

“व्हऊ दे गुलाबी.”

निंबाने सफेद्याचा डबा उघडला. रुंद ब्रश बुडवला, कडेला निथळवला आणि भिंतीसमोर उभा राहिला. पंचवीस वर्षांत त्याने किती नावं पुसली असतील याची गणती नव्हती. बुडालेल्या दुकानांची, विकलेल्या रिक्षांची, पडलेल्या उमेदवारांची, अख्ख्या शहरांची. त्या प्रत्येक वेळी हात आपोआप चालला होता. आज तो उचललाच जात नव्हता. वाल्मिक लहानपणी त्याच्या शिडीखाली उभा राहून अक्षरं मोठ्याने वाचायचा हे त्याला आठवलं आणि त्याचे डोळे भरून आले. सगळ्या वस्तीसमोर, हातात ब्रश घेऊन रडताना त्याला लाज वाटली, पण ते थांबेना. ब्रशमधला सफेदा त्याच्या चपलेवर ठिबकत राहिला.

“माले नही जमस, अक्का,” तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने कामाला नाही म्हटलं होतं.

सुभद्राबाईंनी त्याच्या हातातून ब्रश घेतला.

त्यांनी शेवटच्या अक्षरापासून सुरुवात केली. पहिल्या हातात लाल आणि पांढरा मिसळून भिंतीवर गुलाबी चिखल झाला. त्या थांबल्या नाहीत. टिकल्या लावायची सवय असलेला हात सावकाश, काही न सोडता चालतो, तसा त्यांचा हात चालला. ‘क’ गेला, ‘ल्मि’ गेला. ‘वा’जवळ त्या थोड्या थांबल्या, डाव्या हाताची बोटं त्यांनी त्या ओल्या अक्षरावर टेकवली, आणि मग तेही गेलं. पुन्हा ब्रश बुडवून दुसरा हात मारला, मग तिसरा. दाराबाहेरच्या बायांमधली एक तोंडात पदर घेऊन रडत होती. सुभद्राबाईंच्या डोळ्यांत मात्र पाणी नव्हतं. त्यांचा श्वास तेवढा मोठ्याने चालला होता, गव्हाचं पोतं डोक्यावरून उतरवल्यावर चालतो तसा.

निळ्या भिंतीवर पांढरा पट्टा उरला.

“व्हयनं,” त्या म्हणाल्या. ब्रश त्यांनी डब्यावर आडवा ठेवला. “आते कोनी बी पुसो. पह्यले मी पुसेल शे.”

मग त्या निंबाकडे वळल्या. “कोठे शे तुना कागद?”

निंबाने खिशातून घडी काढली. मास्तरांनी पेन दिलं. सुभद्राबाई खाली बसल्या, कागद मांडीवर घेतला आणि एकेक अक्षर जोडत नाव लिहिलं, सुभद्राबाई गणपत बोरसे. कागद सरकू नये म्हणून डाव्या हाताचा अंगठा त्यांनी वर दाबून धरला होता. तो उचलला तेव्हा सहीच्या शेजारी पांढरा, जरा गुलाबीसर ठसा उमटलेला दिसला.

“खराब व्हयना का?” त्यांनी विचारलं.

“नही अक्का,” निंबा म्हणाला. “चांगला शे.”

तो बाहेर पडला. लखनने पाठीवर थाप मारली, “मी सांगं व्हतं ना, तू आनशीच,” म्हणून, तर निंबाने त्याचा हात बाजूला केला. कागद सुकेपर्यंत त्याने तो दोन बोटांत धरून ठेवला आणि तसाच जयंतीभाईंच्या ऑफिसात चालत गेला.

जयंतीभाई खूश झाले. मग त्यांचं लक्ष ठशाकडे गेलं.

“आ डाघ शेनो छे? फाइलमां मंत्रीसाहेब जोशे. एम कर, बीजो कागळ लई जा, चोख्खी सही करावी लाव. पांच मिनिटनुं काम छे.”

त्यांनी ड्रॉवरमधून कोरा छापील कागद काढला आणि टेबलावरून पुढे सरकवला. निंबाने त्याला हात लावला नाही.

“साब, दूसरी बार मैं नहीं पूछूंगा उसको,” तो म्हणाला. “यही कागज जाएगा तो बोर्ड लिखूंगा. नहीं तो सुरत में पेंटर बहुत हैं.”

गेली पंचवीस वर्षं हाक मारताच शिडी घेऊन धावणाऱ्या माणसाकडे जयंतीभाईंनी नीट पाहिलं. त्याच्या पायातली एक चप्पल पांढऱ्या ठिपक्यांनी भरली होती. कोरा कागद त्यांनी परत ड्रॉवरमध्ये ठेवला. शिक्का शाईच्या गादीवर दाबला, सहीच्या जवळ नेला, आणि तो ठसा सोडून, जरा खाली मारला.